घोड्याची व्याख्या आणि साच्यावरचा माणूस

प्रश्न : मुलीला बीएला डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ लागलीये, बाबा गिरणीवरची आहे म्हणाली म्हणून मीपण घेतली वाचायला. आमचे अण्णा परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, ८२च्या संपानंतर गावी आले ते कायमचेच. पण सुरुवातीला नुसती शाळाच चाललीये, गिरणी कुठाय? पुढे वाचू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : वाचा दादा, आणि ती शाळा अजिबात गाळू नका. शाळा चालवणारा ग्रॅडग्राइंड सिसी नावाच्या मुलीला घोडा म्हणजे काय विचारतो, पोर सर्कशीतली, घोड्यांतच वाढलेली, पण व्याख्या काही येत नाही आणि वर्गातला बिट्झर धडाधड सांगतो, चतुष्पाद, गवत खाणारा, चाळीस दात, झालं, तो हुशार नि ही ढ. आपल्याकडे कोळणीची पोर कल्ला बघून बांगडा ताजा की शिळा सांगते पण पेपरात नापास, तसंच ते.

नववं प्रकरण तर सावकाश वाचा. दहा लाख वस्तीच्या शहरात वर्षभरात फक्त पंचवीस जण भुकेने रस्त्यावर मेले, यावर काय म्हणशील, असं मास्तर सिसीला विचारतात. सिसी म्हणते बाकीचे दहा लाख असोत की कितीही, जे मेले त्यांना ते तेवढंच जड गेलं असणार. उत्तर चूक! मी तिथे पुस्तक मिटून कितीतरी वेळ पडवीत बसून होते. डिकन्सचा राग यंत्रावर नाहीये, माणसाचा नुसता आकडा करणाऱ्या हिशेबावर आहे, म्हणून तर कोकटाउनमध्ये, कादंबरीतल्या त्या गिरण्यांच्या गावात, कामगारांना म्हणतातच ‘हँड्स’, नुसते हात.

तुमची गिरणी दहाव्या प्रकरणात येते, साच्यावरचा स्टीफन ब्लॅकपूल. जानेवारी १८५४ मध्ये डिकन्स इंग्लंडमधल्या प्रेस्टनला गिरणी कामगारांचा संप बघून आला आणि एप्रिलपासून स्वतःच्या साप्ताहिकात ही कादंबरी द्यायला लागला. पण युनियनचा पुढारी त्याने नुसता बडबड्या आणि आग लावणारा दाखवलाय ते मला पटत नाही, ज्या घरांनी संप सोसलाय त्यांना तर ते टोचणारच, अण्णांनापण टोचेल.

तरी दहावं प्रकरण त्यांच्याजवळ बसून मराठीत सांगत सांगत वाचा. पाळी सुटल्यावर स्टीफन रस्त्यात उभा असतो आणि साचे आपल्या डोक्यातच चालत होते नि आत्ता थांबले असं त्याला वाटतं, अगदी रोज. अण्णांना विचारा, त्यांना कसं वाटायचं.