अनंत ही संख्या मानायची का?

प्रश्न : ‘अनंत ही संख्या नाही’ असं वर्गात सांगतात. मग सीमा (लिमिट) काढताना उत्तरात ∞ का लिहितात? आणि जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत १ भागिले ० केलं की ‘इन्फिनिटी’ कशी येते?

उत्तर : वास्तव संख्यांमध्ये, म्हणजे संख्यारेषेवरच्या संख्यांमध्ये, अनंत बसत नाही. ∞ + १ = ∞ मान्य करून दोन्ही बाजूंतून ∞ वजा केलं, तर १ = ० उरतं. तेव्हा ∞ आत घ्यायचं, तर वजाबाकीवर पाणी सोडावं लागतं.

परीक्षेत नेमकं इथेच चुकतं. न वाढत जाताना √(न² + न) − न याची सीमा, म्हणजे ते ज्या किमतीच्या हवं तितकं जवळ जातं ती किंमत, काढायची असते. मुलं दोन्ही पदं ∞ धरतात, वजा करतात आणि ० लिहून मोकळी होतात. न = १०० घालून पाहा : सुमारे ०.४९९ येतं. अनुबद्ध पदानं, म्हणजे √(न² + न) + न यानं, अंश-छेदाला गुणा, मग दोन्हींना न ने भागा. १ ÷ (√(१ + १/न) + १) मिळतं, म्हणजे सीमा १/२. याउलट (न + ५) − न ची सीमा ५ आणि न² − न ची ∞. तिन्हींचं रूप ∞ − ∞ असूनही उत्तरं वेगळी, म्हणून त्याला एक ठराविक किंमत देता येत नाही. ‘सीमा ∞’ याचा अर्थ एवढाच : तुम्ही कितीही मोठी संख्या सांगा, एका टप्प्यानंतरची सगळी पदं तिच्याहून मोठीच असतात.

संगणकातलं ∞ हे १९८५च्या आयईईई ७५४ या संगणकातल्या दशांश आकडेमोडीच्या मानकानं मुद्दाम ठेवलेलं मूल्य आहे. तिथंही ∞ − ∞ आणि ० × ∞ यांचं उत्तर ‘नॅन’, म्हणजे संख्या नाही. हा नॅन बेरजेत शिरला की पुढची बेरीजही नॅन होते. तो स्वतःशीही समान नसतो, त्यामुळे बरोबरीच्या चिन्हानं सापडत नाही. तपासायला ‘इझनॅन’ फंक्शनच वापरावं. पायथॉन ही दुसरी संगणकभाषा तर १ ÷ ० ला सरळ एरर देते.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तिच्यात काही मिळवलं वा वजा केलं तरी ती बदलत नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं.

प्रश्न : मग एक अनंत दुसऱ्याहून मोठं कसं?

उत्तर : हा प्रश्न संचातल्या घटकांच्या मोजणीचा आहे. १, २, ३… आणि २, ४, ६… यांच्या जोड्या पूर्ण लागतात, म्हणून दोन्ही संच सारखेच मोठे. वास्तव संख्यांशी मात्र अशा जोड्या लागूच शकत नाहीत, हे जर्मन गणिती गेऑर्ग कँटर यांनी १८७४ मध्ये सिद्ध केलं. त्यांच्या अनंत संख्यांची बेरीज आणि गुणाकार करता येतो, त्यामुळे त्यांना आम्ही बिनदिक्कत संख्या म्हणतो. सर्वसाधारण वजाबाकी मात्र तिथंही नाही.