गोधडी हातानंच का शिवायची? लेकीला पत्र

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू एका दमात दोन प्रश्न विचारलेस आणि तुझा क्लास सुरू होणार होता म्हणून मी "लिहून कळवते" म्हणाले. तुझ्या रूममेटनं तुझ्या पलंगावरची गोधडी उलटसुलट करून पाहिली आणि ही जुन्या कपड्यांची का आहे, असं विचारलं. मग तुलाही प्रश्न पडला, की आपल्याकडे गरिबी होती म्हणून गोधड्या शिवायचे का? आणि घरात शिलाई मशीन असताना आजी सगळं हातानं का शिवत बसायची, तिला कंटाळा नाही का यायचा?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. हो, काटकसर होती. कराडकडच्या आमच्या गावात कापड टाकून द्यायची पद्धतच नव्हती. लुगडं विरलं की त्याची गोधडी, तिकडे तिला वाकळ म्हणतात. गोधडी विरली की तिच्यावरच दुसरं लुगडं चढवायचं, म्हणून काही वाकळा इतक्या जड असायच्या की लहान पोराला एकट्याला घडी घालता यायची नाही. अगदीच चिंध्या झाल्या की पायपुसणं. यात लाजण्यासारखं काही नाही, रूममेटला बिनधास्त सांग. पण उन्हाळा लागला, शेतातली कामं उरकली, की आजी ज्या हौसेनं ट्रंक उघडून बसायची, ती हौस काटकसरीतून येत नव्हती.

तुझ्या गोधडीत काय काय आहे ते आधी सांगते. वरखाली दोन्हीकडे जे हिरवं, तांबड्या काठाचं कापड आहे, ते आजीचं नऊवारी इरकल. नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरचा होतो. दोन-दोन तुकडे शेजारी जोडले की मोठ्या माणसाच्या पांघरुणाएवढे दोन थर तयार, एक वरचा, एक खालचा. आत मावशीचं पातळ आहे, आजोबांची धोतरं आहेत, आणि पायाकडच्या एका कोपऱ्यात हाताला जरा जाडसर लागतं ना, तिथे तुझं दुपटं आहे. तू जन्मलीस तेव्हा तुला गुंडाळलं होतं ते. आमच्याकडे बाळाला आधी जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापडच लावतात, नवं खळीचं कापड त्या कातडीला टोचतं. ही सगळी वस्त्रं ज्यांच्या अंगावर होती ते आजीला माहीत होते. कुठला थर कुठे टाकायचा, हे ठरवण्यात तिची एक अख्खी दुपार जायची आणि ती दुपार तिला फार आवडायची.

आता शिवण्याचं. सोप्यातली, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतली, जमीन झाडूनपुसून घ्यायची, त्यावर खालचा थर अंथरायचा. चार बायका चार कोपऱ्यांना बसून कापड ताणायच्या आणि आजी मधून तळहात फिरवत सुरकुत्या काढायची. मग दुसरा थर, तिसरा. सगळे थर एकमेकांवर नीट बसले की मोठमोठे कच्चे टाके घालून टाचून घ्यायचं आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा. कडेनं चौफेर फिरत फिरत आत यायचं. उरलीसुरली ढिलाई हातानं पुढे, मधल्या भागाकडे सारत न्यायची. मध्य सगळ्यात शेवटी.

मशीन का नको, याचं उत्तर इथेच आहे. मशीनच्या पायाखालचे दाते सगळ्यात खालचा थर पुढे ओढतात आणि वरचे मागे राहतात. पाच-सहा जुनी, विरलेली कापडं पायाखाली घातली की चुण्या पडतात, काही ठिकाणी कापड फाटतंसुद्धा. शिवाय मशीनची शिलाई थरांना घट्ट आवळून धरते. हाताचा धावदोरा सैल असतो, त्यामुळे कापड दबत नाही, थरांमध्ये हवा राहते आणि ऊब टिकते. आणि दोरा तुटला तर तेवढीच ओळ पुन्हा भरायची.

कंटाळ्याचं म्हणशील तर एक हिशोब मांडून पाहा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद गोधडी, आणि दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोनएक सेंटीमीटर अंतर. दोनशे मीटर शिवण होते. सेंटीमीटरला एक टाका धरला तरी वीस हजार टाके. ऐकून छाती दडपते, पण बसल्यावर तसं वाटत नाही. सुईवर चार-पाच टाके भरून घ्यायचे, अंगुस्तानानं सुई मागून ढकलायची आणि दोरा सुर्रकन ओढायचा. तो आवाज आणि बोटांना लागणारा तो हलका ताण मला अतिशय आवडतो. दोरा ओढला की सपाट कापडावर बारीक लाट उठते. एक ओळ झाली की तिच्यावरून हात फिरवावासा वाटतो, म्हणून दुसरी घालायची. थोड्या वेळानं हात आपोआप चालतो आणि डोकं मोकळं होतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसून आल्यावर मला असं मोकळं दुसऱ्या कशानंही होता येत नाही. इथे पेनसिल्व्हेनियात बर्फ पडत असताना तर आणखीच सुख, कारण जेवढं शिवून होतं तेवढं मांडीवर येतं आणि गुडघे उबेत राहतात. तिकडे मे महिन्याच्या उकाड्यात आजीला हे सुख नव्हतं!

तिला दुसरं होतं. शेजारपाजारच्या बायका चार बाजूंनी बसायच्या आणि जी ती आपली बाजू शिवायची. गोधडी पुरी झाली तरी कुठली बाजू कुणाची ते ओळखू यायचं. आजीचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे, बारीक आणि एकसारखे. मावशीचे लांब आणि जरा तिरके, तिला उरकायची घाई असायची. तुझ्या गोधडीतही ते शोध, सापडतील.

आणि बोलणं. सगळ्यांची नजर सुईवर असते, कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही, त्यामुळे एरवी ओठांवर न येणाऱ्या गोष्टी बायका तिथे बोलायच्या. एकदा शेजारची नवी लग्न झालेली मुलगी शिवता शिवता म्हणाली, "मला परत नाही जायचं सासरी." कुणी मान वर केली नाही, कुणी "का गं" म्हटलं नाही. सगळ्यांच्या सुया चालूच. एक ओळ संपल्यावर आजी म्हणाली, "मग राहा की. तुझ्या आईशी मी बोलते." आणि तिनं रीळ त्या मुलीकडे सरकवलं. मी तेव्हा लहान होते, सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं होतं. असा न्याय मी नंतर कुठल्या मोठ्या बैठकीत पाहिलेला नाही. मशीनच्या खडखडाटात तो झाला नसता.

मग नवरात्राच्या आधी, घट बसायच्या आत, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं. गावातल्या बायका वाकळा डोक्यावर घेऊन नदीवर जायच्या. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून उलट्या दिशेनं पिळायच्या. नदीकाठचे खडक रंगीबेरंगी होऊन जायचे आणि कुणाच्या घरात यंदा नवीन काय शिवलं, ते तिथे सगळ्यांना दिसायचं. कौतुक तिथेच व्हायचं, नावं ठेवणंही तिथेच.

जुन्या कपड्यांची गोधडी हे काही आपल्याच लोकांचं नाही. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका अशाच कडेपासून आत शिवत जातात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. त्या फुलांवाचून त्यांच्या लेखी ती पुरी होत नाही. तुझ्या रूममेटच्या देशातलं उदाहरणही आहे. अलाबामात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. त्यांची चित्रं तू जरूर बघ. निळ्या जीनच्या तुकड्यांमध्ये जिथे खिसा उसवला तिथलं कापड गडद राहिलंय. ते पाहून मला आमच्या सोप्याची आठवण होते.

आजकाल नव्या कापडाच्या सुंदर गोधड्या विकत मिळतात. त्या शिवणाऱ्या बायकांना चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मला मात्र ओळखीच्या कापडात सुई घालायला जास्त आवडतं. आणि पॉलिस्टरच्या साड्यांची गोधडी कुणी कितीही सुरेख शिवली तरी मला ती नको. ती घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि सुई अडखळते. सुती ते सुतीच.

तुझ्या गोधडीचा मधल्या पट्ट्यातला दोरा निघालाय म्हणालीस. तो ओढू नकोस, सगळी ओळ उसवेल. सुती दोरा दुहेरी घे, हातभरच, जास्त लांब घेतलास तर गुंता होतो. दोऱ्यावरून मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरव. जिथे तुटलंय त्याच्या चार बोटं आधीपासून जुन्याच टाक्यांवरून सुरुवात कर आणि तुटलेल्या जागेच्या चार बोटं पुढे जाऊन थांब. गाठ वर ठेवायची नाही. सुई दोन थरांच्या मधून घालून हलका झटका दिलास की गाठ आत जाऊन बसते. पहिल्या दोन ओळी वाकड्या येतील, येऊ देत. झालं की फोटो पाठव, आणि डिसेंबरात येताना तुझे ते जुने सुती कुर्ते टाकून न देता घेऊन ये. आत घालायला मला एक थर कमी पडतोय.

तुझी,
आई