इटलीत एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर जाताना व्हिसाखेरीज काय काय सांभाळावं लागतं?

तुम्ही पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजच्या करारातून सप्टेंबर ते फेब्रुवारी बोलोन्याला निवड झाली आहे. व्हिसा झाल्यावर आणखी काय राहतं, घर कसं मिळतं आणि परीक्षा कशा असतात, असं तुम्ही विचारलंय. उत्तर लांबणार आहे, कारण या तिन्ही गोष्टी तारखांनी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

सुरुवात परतीच्या तिकिटापासून करा. तिथलं पहिलं सेमिस्टर सप्टेंबरच्या मध्यावर किंवा अखेरीस सुरू होतं, शिकवणी नाताळच्या आसपास संपते, आणि परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत. आपल्याकडे तोवर पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. बहुतेकांची फजिती इथेच होते: जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं स्वस्त तिकीट आधीच काढलेलं, आणि पाचपैकी तीन विषयांची परीक्षा २० जानेवारीनंतर. म्हणून निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या की पुढच्या सेमिस्टरला उशिरा रुजू झालात तरी हजेरी धरली जाईल. तोंडी ‘बघू’वर जाऊ नका. तिकीट तारीख बदलता येणारं घ्या.

त्याच भेटीत लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे तिथले कुठले विषय इथे धरले जातील याच्या करारपत्रावर, सही घ्या. तिथलं क्रेडिट म्हणजे सीएफयू. एक सीएफयू म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून २५ तासांचं काम, सेमिस्टरला ३० सीएफयू. बहुतेक विषय ६, ९ किंवा १२ सीएफयूचे असतात. विषय निवडताना त्याच्या पानावर तीन गोष्टी बघायच्या: शिकवण्याची भाषा, कुठल्या सेमिस्टरला आहे, आणि ‘फ्रेक्वेन्तान्ती’ व ‘नोन फ्रेक्वेन्तान्ती’ असा वेगळा अभ्यासक्रम दिला आहे का. पहिला वर्गाला बसणाऱ्यांचा, दुसरा न बसणाऱ्यांचा, आणि दुसऱ्यात पुस्तकं जास्त असतात. तिथे पोचल्यावर वेळापत्रकात दोन विषय एकमेकांवर येणं नेहमीचंच, म्हणून दोन पर्यायी विषय आधीच मंजूर करून ठेवा. बदल केलात तर सुधारित अ‍ॅग्रीमेंटवर दोन्हीकडच्या सह्या पुन्हा लागतात. ही सही राहिली की परत आल्यावर क्रेडिट अडकतं.

आता व्हिसा. मुक्काम ९० दिवसांच्या वर, म्हणून राष्ट्रीय व्हिसा, टाइप डी, अभ्यासासाठीचा. शुल्क ५० युरो, वर व्हीएफएसचा, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचा, सेवा आकार. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतात. युनिव्हर्सिटॅली नावाचं पोर्टल मुळात पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांचं आहे. एक्स्चेंजवाल्यांचा मुख्य आधार म्हणजे यजमान विद्यापीठाचं स्वीकृतिपत्र. तरी एकदा तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला मेल टाकून खात्री करा.

कागद कमी पडल्याने अडतं, तसं तारखा जुळत नसल्यानेही अडतं. पत्रात मुक्काम २८ फेब्रुवारीपर्यंत, विमा ३१ जानेवारीपर्यंत, खोलीचा करार १५ फेब्रुवारीपर्यंत, असा संच दिलात की व्हिसा किती दिवसांचा द्यायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि तुमचं नुकसान होतं. सगळे कागद सर्वांत उशिराच्या तारखेपर्यंत न्या. परीक्षा पुनर्परीक्षेपर्यंत लांबू शकते, म्हणून पत्रातली शेवटची तारीख मोकळ्या हाताने मागून घ्या. व्हिसा हातात आला की त्यावरची ‘पासून’ तारीख बघा. त्याआधी एक दिवसही आत जाता येत नाही, आणि विमान आधीच्या रात्रीचं काढलेलं असतं.

एक गोष्ट मराठी नावांची, जी कोणी सांगत नाही. इटलीत प्रत्येकाला कोदिचे फिस्काले लागतो, आपल्या पॅनसारखा, पण १६ अक्षरांचा आणि नावावरून बनवलेला. आडनावातली तीन व्यंजनं, नावातली तीन, जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर, जन्मदिवस (मुलींसाठी त्यात ४० मिळवतात), मग जन्मस्थळाचा कोड (भारताचा झेड २२२), शेवटी पडताळणीचं अक्षर. आता घोळ कुठे होतो बघा. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात पुष्कळदा वडिलांचं नावही असतं. समजा तिथे ‘अनिकेत सुरेश’ आणि आडनाव ‘पाटील’. कोणी फॉर्मवर नुसतं ‘अनिकेत’ लिहिलं तर व्यंजनं येतात एन, के, टी. पासपोर्टप्रमाणे ‘अनिकेत सुरेश’ लिहिलं तर चारपेक्षा जास्त व्यंजनं होतात, आणि नियमाप्रमाणे पहिलं, तिसरं, चौथं घेतलं जातं: एन, टी, एस. एकाच माणसाचे दोन कोड. घराच्या करारावर एक, विद्यापीठाकडे दुसरा, आणि मग कुठलीच यंत्रणा दुसरीला ओळखत नाही. उपाय एकच: विद्यापीठाचा अर्ज, विमा, सिमकार्ड, करार, सगळीकडे पासपोर्टवर छापलंय तसं आणि तेवढंच नाव. ऑनलाइन ‘कोड काढून देणाऱ्या’ संकेतस्थळांवर जाऊ नका. ती आकडेमोड करून देतात, नोंदणी करत नाहीत. खरा कोड कर कार्यालय म्हणजे आजेन्त्सिआ देल्ले एन्त्राते फुकट देतं.

पोचल्यावर ८ कामकाजाच्या दिवसांत पेरमेस्सो दि सोज्जोर्नोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज. व्हिसा फक्त दार उघडतो, मुक्काम या कागदावर चालतो. क्रम असा. ‘स्पोर्तेल्लो आमिको’ अशी खिडकी असलेल्या टपाल कार्यालयातून पिवळ्या पट्टीचं पाकीट घ्या, ते फुकट असतं. आत दोन फॉर्म निघतात. विद्यार्थ्याने मोदुलो १ भरायचा, २ कोरा सोडायचा. काळं पेन, मोठी लिपी, एका चौकोनात एक अक्षर. दारावर ‘T’ अक्षराची पाटी असलेल्या ताबाक्कीतून, म्हणजे तंबाखूच्या दुकानातून, १६ युरोचा मार्का दा बोल्लो घ्या. हे आपलं कोर्ट फी तिकीट समजा. टपालातच ७०.४६ युरोची पावती भरायची (यात ४० परवान्याचे, ३०.४६ कार्ड छापण्याचे), आणि अर्ज देताना आणखी ३० युरो. एकूण ११६.४६. सोबत पासपोर्टच्या झेरॉक्स (फोटोचं पान, व्हिसा, शिक्का असलेलं प्रत्येक पान), स्वीकृतिपत्र, विमा, पैशाचा पुरावा.

पाकीट चिकटवून नेऊ नका! कारकून समोर उघडून तपासतो आणि मूळ पासपोर्टही बघतो. तो तुम्हाला पावती देईल आणि क्वेस्तूरा म्हणजे पोलीस मुख्यालयात बोटांचे ठसे द्यायची तारीख. ही तारीख कधी पुढच्या महिन्यातली, कधी त्याहून उशिराची असते. फोटो ४ न्या. प्रत्यक्ष कार्ड येईस्तोवर सेमिस्टर संपणं अगदी शक्य आहे, घाबरू नका, पावतीवर राहता येतं. मात्र फिरण्याचा नियम नीट समजून घ्या. डी व्हिसा चालू आहे तोवर शेंगेनच्या (आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. व्हिसा संपला आणि हातात नुसती पावती असेल, तर पॅरिसची सहल नाही. भारतात येऊन परत जायचं असेल तर विमान थेट इटलीचं किंवा आखातातून बदलणारं घ्या, फ्रँकफर्ट किंवा अ‍ॅमस्टरडॅममधून बदलणारं नको.

विम्यात पैसे वाचवण्याची संधी आहे. इटलीच्या सरकारी आरोग्यसेवेत स्वेच्छेने नाव नोंदवता येतं, पण २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला किमान ७०० युरो पडतात, आणि वर्ष म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. ऑक्टोबरात भरलेत तरी पूर्ण रक्कम, आणि जानेवारीत पुन्हा. तुमचा मुक्काम दोन वर्षांवर पसरलेला, म्हणून दुप्पट. एका सेमिस्टरसाठी खासगी विमाच घ्या. संरक्षण किमान ३०,००० युरो, इटलीचं नाव स्पष्ट, तारखा पूर्ण मुक्कामाच्या, मजकूर इंग्रजी किंवा इटालियनमध्ये.

घर हा बोलोन्यातला सगळ्यांत कटकटीचा भाग. शहर लहान, विद्यार्थी अफाट. स्वतंत्र खोलीला साधारण ५०० ते ६५० युरो, दोघांच्या खोलीतल्या एका पलंगाला ३०० ते ४०० धरून चाला. जुलैपासून शोधा, सप्टेंबरात पोचून शोधणारे हॉस्टेलात तीन-तीन आठवडे काढतात. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल’ असं म्हणणारा मालक म्हणजे फसवणूक, यात अपवाद शोधू नका. करार ‘त्रान्सितोरिओ’ (१८ महिन्यांपर्यंतचा) किंवा विद्यार्थ्यांसाठीचा (६ ते ३६ महिने) असतो. अनामत कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या भाड्याइतकी. करार ३० दिवसांत कर कार्यालयात नोंदवायचा असतो, आणि परदेशी माणूस ठेवला की मालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. मालक दोन्हीला ‘नको’ म्हणाला तर भाडं स्वस्त असलं तरी सोडा, कारण राहत्या पत्त्याचा कागद तुम्हाला लागणारच. भाड्यात काय येतं ते एकेक करून विचारा: इमारतीचा देखभाल खर्च, वीज-गॅसची बिलं, कचराकर, हीटिंग. बोलोन्यात हीटिंग १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, तेही दिवसाला १४ तासांपर्यंत. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा जाड रजईवर काढायचा.

वीज २३० व्होल्ट, आपली उपकरणं चालतात, पण आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. तिथलं खास सॉकेट एका रांगेत तीन भोकांचं, आणि त्याचेही १० आणि १६ अँपिअर असे दोन आकार. युरोपचा म्हणून विकला जाणारा जाड गोल अ‍ॅडॉप्टर त्यात जात नाही, बारीक दोन पिनांचा १० अँपिअरच्या सॉकेटात जातो. घरगुती मीटर बहुधा ३ किलोवॅटचा असतो. ओव्हन आणि कपड्यांचं मशिन एकत्र लावलंत, वर कोणी हेअर ड्रायर चालू केला, की अख्खं घर अंधारात. आधी घरातलं मुख्य बटण बघा; ते वरच असेल तर मीटरचं बटण जिन्याखाली किंवा तळघरात. मीटर कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, रात्री अकराला मालक फोन उचलत नाही.

खाण्याचं थोडक्यात. साजूक तूप, पेढे, खवा बॅगेत भरू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, हिंग सीलबंद न्या. बाकी तिथे मिळतं, फक्त नावं वेगळी: बेसन म्हणजे ‘फारीना दी चेची’, रवा म्हणजे ‘सेमोलीनो’, मसूर डाळ म्हणजे सोललेली ‘लेन्तिक्क्ये रोस्से’. पोळीसाठी ‘इन्तेग्राले’ म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, पण ते भरड असतं, मळून अर्धा तास झाकून ठेवा नाहीतर कडा फाटतात. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, हॅम आणि मासे बऱ्याच जणांच्या लेखी वेगळे असतात. बोलोन्याकडच्या पियादिनात, म्हणजे तिथल्या पोळीसारख्या रोटीत, डुकराची चरबी पडते, पाकिटावर ‘स्त्रुत्तो’ शब्द शोधा. पार्मेज्यानो चीज वासराच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या, दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) बनतं, हे ठाऊक असून खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

परीक्षांना ‘आप्पेल्लो’ म्हणतात आणि एका विषयाच्या हिवाळी हंगामात सहसा दोन-तीन तारखा असतात. बोलोन्यात नाव अल्माएसामीवर, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षांच्या पोर्टलवर, नोंदवायचं. नोंदणी परीक्षेच्या काही दिवस आधी बंद होते, आणि यादीत नाव नसलं तर प्राध्यापक बसू देईलच असं नाही. पुष्कळ परीक्षा तोंडी. सगळ्यांना एकाच वेळी बोलावतात, यादीप्रमाणे आत घेतात, तीन तास बाकावर बसावं लागतं. पहिला प्रश्न बहुधा ‘कुठल्याही एका विषयावर बोला’ असा असतो; तिथे आपली मुलं व्याख्या पाठ म्हणतात आणि दोन मिनिटांत गप्प होतात. पंधरा मिनिटं एका धाग्यावर बोलता येईल असा एक विषय तयार ठेवा. गुण ३० पैकी, उत्तीर्ण १८ ला, आणि ३० च्याही वर ‘त्रेन्ता ए लोदे’ म्हणजे विशेष प्रावीण्य. गुण सहसा तिथल्या तिथे सांगतात, आणि ते नाकारून पुढच्या आप्पेल्लोला पुन्हा बसता येतं. २२ मिळाले म्हणून नाकारताना आपलं विमान कधी आहे ते आठवा. आणि या ३० चं आपल्या ग्रेडमध्ये रूपांतर कसं होणार, तो तक्ता तुमच्या कॉलेजने ठरवायचा असतो, तोही निघण्याआधीच मागा.

शेवटच्या परीक्षेनंतर दोन-तीन दिवसांनी अल्माएसामी उघडून प्रत्येक विषयाचे गुण नोंदले गेलेत का बघा. सांगितलेले गुण आणि नोंदलेले गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकही राहिला असेल तर विमानात बसण्याआधी त्या प्राध्यापकाला मेल टाका, कारण सगळे नोंदल्याशिवाय ट्रान्सक्रिप्ट पूर्ण निघत नाही, आणि पुण्याहून पाठपुरावा करायला गेलात तर मार्च-एप्रिल त्यातच जातो.