पाळीनंतरचा आठवडा काय सांगतो?

"मॅडम, पाळी जवळ आली की मी माझी राहतच नाही. पीएमडीडीच असेल ना?" हा प्रश्न हल्ली सतत कानावर येतो. पीएमडीडी म्हणजे पाळीआधीच्या दिवसांत मनःस्थिती तीव्रपणे बिघडवणारा विकार. रक्ततपासणीत त्याचं उत्तर सापडत नाही. या विकारात हार्मोन्स बहुधा नॉर्मलच असतात. मेंदू त्यांच्या चढउतारांना जास्त संवेदनशील असतो. म्हणून मी आधी तारखा मागते.

अशीच एक रुग्ण आली, स्मिता म्हणू तिला. तिलाही वही करायला सांगितली. नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस, नुसता डाग धरायचा नाही. रोज रात्री चिडचिड, उदासी, घालमेल, झोप यांना १ ते ६ गुण द्यायचे. १ म्हणजे त्रास नाही, ६ म्हणजे असह्य. असं किमान दोन पाळ्या.

पहिली वही तिने रविवारी बसून आठवून भरली होती. चांगले दिवस कोरेच.

"बरं वाटत होतं, मग काय लिहायचं?"

"मला तेच दिवस हवेत."

पुढची वही रोजच्या रोज भरली. पाळीआधीच्या आठवड्यात चिडचिड ५, ६. ते दोघींनाही अपेक्षित होतं. मी तिला पाचव्या ते दहाव्या दिवसाचे आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. चिडचिड २. उदासी ४, ४, ३, ४. झोपही तशीच. वाचता वाचता ती थांबली.

"म्हणजे पाळी नसतानाही मी बरी नसते?"

"कधीपासून?"

बराच वेळ गेला. "धाकटी झाली तेव्हापासून."

सारं गणित त्या आठवड्यात असतं. पीएमडीडीत पाळीआधीच्या शेवटच्या आठवड्यात किमान ५ लक्षणं दिसतात, पाळी आल्यावर काही दिवसांत ओसरू लागतात आणि पाळीनंतरचा आठवडा जवळजवळ स्वच्छ जातो. स्मिताचा तो आठवडा स्वच्छ नव्हता. मूळ नैराश्य होतं, पाळीआधी ते उसळायचं. उपचार इथेच वेगळे होतात: पीएमडीडीत काहींना नैराश्यावरच्या गोळ्या फक्त पाळीआधीचे दोन आठवडे पुरतात, नैराश्यात त्या रोज लागतात. म्हणून तिला वहीसकट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायलाही सांगितलं.

चक्र लहानमोठं असेल तर पुढची पाळी आली की तिथून मागे दिवस मोजा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर वहीत तशी नोंद करा, त्यांनी चित्र बदलतं. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन पाळ्यांची वाट पाहू नका. लगेच डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. वही नंतर भरता येते.