भाड्याचा फ्लॅट सोडताना

आधी अ‍ॅग्रीमेंट काढ आणि लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर सोडता येत नाही ही अट) व नोटिशीचं कलम नीट वाच. पुण्या-मुंबईत लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट (म्हणजे भाडेकरार) बहुधा 11 महिन्यांचं असतं. मालकांना फोनवर सांगितलंस तरी मेल टाकच. डिपॉझिटवरून वाद झाला की तोच कामी येतो. मुदत संपल्यावर चार दिवस जास्त राहायचं असेल तर लेखी होकार घे, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार दुप्पट भाडं लागू शकतं. सामान हलल्यावर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ: सिंकखालची ओल, गीझर, खिळ्यांची भोकं, वीजमीटरचं रीडिंग, सगळं स्पष्ट दिसू दे. रंगाचे पैसे कापायला निघाले तर अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुठे लिहिलंय ते विचार, अजिबात संकोचू नकोस. किल्ल्या द्यायच्या आणि डिपॉझिट घ्यायचं, दोन्ही एकाच बैठकीत.