चिकटलेल्या पेशी आणि औषध: नवशिक्यासाठी

ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं, पेशीवरचं प्रथिन) मोजायचं असेल तर ताटलीला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने (ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं कापणारं विकर) सोडवू नकोस. कॅडहेरिनला जपणारं कॅल्शियम ईडीटीए ओढून घेतं आणि उघड्या पडलेल्या कॅडहेरिनचा बाहेरचा भाग ट्रिप्सिन कापतं. मग रेणू ‘गायब’ दिसतो आणि माणूस कर्करोगाच्या पेशी शरीरात पसरायला निघाल्या असं उगाच लिहून मोकळा होतो. नुसतं 2 मिलिमोलर ईडीटीए वापर.

चिकटल्यामुळे पेशी औषधाला दाद देत नाहीत का (औषधरोध) हे पाहायचं तर वेलना (ताटलीतल्या खळग्यांना) फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला चिकटतात ते प्रथिन) लाव: 10 मायक्रोग्रॅम प्रति मिली, 37 अंशांवर तासभर, मग उरलेली जागा झाकायला 1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). पेशी चिकटताना सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नको, त्यात फायब्रोनेक्टिन असतंच. शेजारी पॉली-लायसिनचे वेल हवेतच. तिथलं चिकटणं निव्वळ विद्युतभाराचं. डॉक्सोरुबिसिन (कर्करोगाचं औषध) दोन्हीकडे सारखंच दे. फायब्रोनेक्टिनवरच्याच जास्त जगल्या, तर संशय इंटेग्रिनवर (फायब्रोनेक्टिन पकडणारं, पेशीवरचं प्रथिन).

आणि सोलापूरच्या मे महिन्यात ट्रिप्सिन टेबलावर विसरू नकोस. ते स्वतःलाच खातं.