घरातली तिघं भाजी बाजूला सारतात, मी काय शिजवू?

मावशी, नमस्कार. मी नाशिकला राहते, नोकरी करते. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. संध्याकाळी साडेसहाला घरी आले की सासूबाईंसाठी एक भाजी, नवऱ्यासाठी बटाट्याची आणि मुलांसाठी काहीतरी तिसरं करते. तरी ताटातली भाजी तशीच राहते. मागच्या महिन्यात दुधी किसून पराठ्यात घातला, तो मुलीने ओळखला. आता ती पोळीसुद्धा उलगडून बघते. ‘एवढी भेंडी संपव, मग आइस्क्रीम’ हेही करून झालं. रोज जेवताना कोणीतरी रडतं. बहुतेक वेळा मुलगा, परवा मी. सगळे एकत्र बसून कुरकुर न करता खातील असं एखादं जेवण सांगा ना.
– एक दमलेली आई

प्रिय लेकी,

जेवण सांगतेच, पण आधी त्या पराठ्याबद्दल. तुझ्या मुलीचा राग दुधीवर नाही. आईने न सांगता आपल्याला काहीतरी खाऊ घातलं, याचा तो राग आहे. आज तिला सरळ सांग, ‘दुधी घातला होता, सांगायला हवं होतं, यापुढे लपवून काही घालणार नाही.’ आणि ते पाळ. भाजी शिजवून घोटायला माझी अजिबात हरकत नाही. पावभाजीत फ्लॉवर, मटार, सिमला मिरची सगळं घोटलेलंच असतं आणि मुलं बोटं चाटत खातात. पण त्यात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या वेळी स्मॅशर मुलाच्या हातात दे आणि भाज्या त्यालाच घोटू दे.

आइस्क्रीमचं आमिषही थांबव. भेंडी संपवल्याचं बक्षीस आइस्क्रीम असेल, तर भेंडी ही सोसायची गोष्ट आहे हेच मूल शिकतं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी आईवडील आणि मूल यांच्यात कामाची वाटणी सांगितली आहे, ती मला फार पटते. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय खायचं आणि किती, हे मुलाने. तेव्हा भाजी एक चमचाच वाढ. त्याने हात लावला नाही तरी बोलू नकोस, दोन-चार दिवसांनी पुन्हा एक चमचा वाढ. नवी चव अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते. आपण बहुतेक जणी तिसऱ्या वेळेला ‘याला आवडतच नाही’ म्हणून मोकळ्या होतो.

आणि तीन भाज्या करणं आजपासून बंद. एकच स्वयंपाक, पण त्यात प्रत्येकाला खाता येईल असं निदान काहीतरी हवं. भात, पोळी, दही, काहीही चालेल. म्हणजे कोणी उपाशी उठणार नाही आणि तुलाही परत गॅसपाशी उभं राहावं लागणार नाही.

आता जेवण. पहिल्या रात्रीसाठी वरणफळं कर. तुमच्याकडे चकोल्या म्हणत असतील. मऊ, गरम, आंबटगोड, वर तुपाची धार, याला नाही म्हणणारं मूल क्वचितच सापडेल. तुम्हा पाच जणांसाठी एक वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून मऊ शिजव आणि घोटून घे. पाव किलो लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी कर. अगदी दिसतील अशा, कारण आता लपवायचं नाही. दोन शेवग्याच्या शेंगांचे बोटभर तुकडे आधी उकडून ठेव. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी कर, त्यात भोपळा दोन मिनिटं परत, मग शेंगा, वरण आणि पाच-सहा वाट्या गरम पाणी घाल. मीठ, बेताचं तिखट, चिंचेचा कोळ, गूळ, चमचाभर गोडा मसाला. आमटीपेक्षा पातळच ठेव, फळं पाणी पितात.

दोन वाट्या कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ आणि थोडं तेल घालून घट्ट भिजव. पोळ्या तू लाट, कापायला मुलांना बसव. करंजीचं कातणं असेल तर ते मुलाच्या हातात दे. शंकरपाळ्याच हव्यात असं नाही, त्याला त्रिकोण कापायचे तर त्रिकोण. वरणाला खळखळून उकळी असतानाच फळं थोडी थोडी सोड. एकदम टाकलीस तर त्यांचा गोळा होतो. दहा-बारा मिनिटं शिजू दे आणि भांडं थेट पानांपाशी आण. ज्याला भोपळा नको त्याने बाजूला ठेवावा, भोपळ्याची गोडी वरणात उतरलेलीच असते. शेंग हाताने चोखून खायची असते, म्हणून मुलं तिला भाजीत धरतच नाहीत.

सोबत काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट आणि वरून तुपातली फोडणी घालून. आणि भेंडीच्या काचऱ्या. मुलांना बहुतेकदा भेंडीची चव नव्हे, तिची तार नको असते, आणि ती घालवता येते. भेंडी धुऊन फडक्याने अगदी कोरडी पूस, मगच चीर. पसरट कढईत, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर परत. दोन आमसुलं टाक किंवा लिंबू पिळ. मीठ शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटतं. कडा तांबूस होईपर्यंत थांब.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण आपल्याकडे भाजी नावडती होते ती बरेचदा कढईत. कोबी-फ्लॉवर फार वेळ शिजवले की त्यांना गंधकाचा उग्र वास येतो, मूल तो वास घेऊनच उठून जातं. कोबी बारीक चिरून, मोहरी-हिरव्या मिरचीच्या फोडणीत पाच-सात मिनिटांत उतरव, किंवा बेसन-तांदळाचं पीठ घालून त्याच्या वड्या कर. मेथीचा कडूपणा मुलांना आपल्याहून जास्त जाणवतो, तो हट्ट नाही. तिला भिजवलेली मूगडाळ आणि भरपूर लसूण दे. सिमला मिरची पीठ पेरून, खरपूस. पालकाची ताकातली पातळ भाजी, त्यात शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ. दुधी मात्र दोन महिने घरात आणूच नकोस.

सासूबाईंबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस. पण तू यायच्या आधी भुकेलेल्या नातवंडांच्या हातात बिस्किटं किंवा चिवडा पडत असेल, तर साडेआठला त्यांना भूक कुठून लागणार? त्या प्रेमानेच देत असणार. त्यांना म्हण, ‘आई, साडेपाचला तुमच्या हातचं थालीपीठ द्याल का, कांदा-कोथिंबीर घालून?’ आणि आठवड्यातली एक रात्र त्यांच्या भाजीची ठेव. भरलं वांगं असेल, अळूचं फदफदं असेल, त्यांचं जे काही असेल ते. ते सगळ्यांसाठी होईल, वेगळं नाही.

एक काळजीची गोष्ट. मुलगा मोजून चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल, घास तोंडात घेताच उमळत असेल, वजन वाढत नसेल किंवा बद्धकोष्ठ असेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखव. अशा वेळी प्रश्न स्वयंपाकाचा नसतो.

राहता राहिला तुझा नवरा. तुझ्या पत्रात तो ‘बटाट्याची भाजी’ एवढाच येतो. मुलं रोज बाबाचं ताट बघतात. बाबा भेंडी सारून बाजूला ठेवतो आणि त्यांना मात्र ती संपवायला सांगितली जाते, हे त्यांना कसं पटावं? मुलं झोपल्यावर त्याच्याशी बोल, त्यांच्यासमोर नको. भाजी आवडल्याचं नाटक त्याने करू नये. एक चमचा घ्यावा, खावा आणि ‘मला अजून सवय होतेय’ असं मुलांना मोकळेपणाने सांगावं. शनिवारी मुलीला घेऊन भाजी आणायला त्याने जावं, तिला हवी ती एक भाजी तिलाच निवडू द्यावी आणि घरी आल्यावर चिरायलाही दोघांनीच बसावं. हे बोलणं झाल्यावरच वरणफळांचा दिवस ठरव. त्या रात्री वाढायचं काम त्याचं, तू मुलांच्या शेजारी बस.

तुझी,
मावशी